जाणारे चित्र

२००७ सालच्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, दामोदर खानझोडे यांनी टेलिफोनच्या लाइनमनचा जबाब नोंदवून घेतला. ठिकाण जयपूर, मानसरोवर, त्यांच्या घराची पुढची खोली. जबाब अडीच पानांचा झाला. शेवटी गिरधारी या लाइनमनची हिंदीत सही आहे. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे, कारण मी त्या वेळी जिना उतरत होतो.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि सी-स्कीममधल्या एका वृत्तसंस्थेत बातमीदार होतो. खानझोडे मूळचे अमरावतीचे. विमा कंपनीत नोकरी केली, ती सगळी पाहणी अधिकारी म्हणून. ट्रक उलटला, गोदाम जळले, की हे वही आणि टेप घेऊन जागेवर. शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. कारण विचारले की सांगत, "ऊन आपल्या वऱ्हाडासारखंच आहे ना बावा. ओळखीचं वाटते."

जबाबातले काही प्रश्न मला आठवतात. जबाब हिंदीत होता, पण खानझोड्यांची हिंदी अमरावतीहून येत असे.

"लाइन खराब हुई तब आप कहाँ थे?"

"झोटवाड़ा में था, अंकलजी. दूसरी कंप्लेंट पे."

"कोई गवाह?"

"अंकलजी, म्हारी घरवाली भी इतना नहीं पूछती."

हे वाक्यही खानझोड्यांनी जसेच्या तसे लिहून घेतले.

त्यांचा आवडता शब्द होता 'प्रॉक्झिमेट कॉज'. निकटचे कारण. विम्याच्या कामात नुकसान कशाने झाले हे ठरवताना मागे मागे जायचे नसते. ज्या कारणाने प्रत्यक्ष नुकसान घडले तेच धरायचे असते. निवृत्तीनंतर हा नियम त्यांनी घरात लागू केला. दूध नासले की दूधवाल्याची, पातेल्याची आणि काकूंची अशा क्रमाने चौकशी होई. एकदा चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, जाऊन कचोरी खाऊन आल्यावर त्यांचे पोट बिघडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवून निकाल सांगितला. "कचोरी निर्दोष आहे जी. तिच्या आधी खाल्लेले तीन आंबे. उगाच बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या दिल्या मी रात्रभर."

शकुंतलाकाकूंना या सगळ्याची सवय होती. त्या म्हणायच्या, "लग्न झालं तेव्हापासून मी साक्षीदारच आहे. मधून मधून आरोपी."

इंटरनेटचे प्रकरण मात्र आंब्याइतके लवकर मिटले नाही. ते समजण्यासाठी वसंतरावांबद्दल सांगितले पाहिजे.

वसंतराव हे खानझोड्यांचे धाकटे भाऊ. अमरावतीला जुन्या घरात भाच्यासोबत राहत आणि पुढच्या खोलीत शिलाईचे दुकान चालवत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. त्यांच्या लहानपणी शाळेने त्यांना घेतले नाही, त्यामुळे ते आकडे वाचतात, मापे लिहितात, पण पत्र वाचू शकत नाहीत. आईने घरातच खुणांची एक भाषा तयार केली होती. मिशी पिळली की वडील. कपाळावर बोट टेकले की आई. कोपर खाजवला की उसने मागणारा शेजारी. ही भाषा तिघांनाच पूर्ण येत होती. आई सहा वर्षांपूर्वी गेली. उरले दोघे, आणि त्या दोघांत अंतर एक हजार किलोमीटरच्या आसपास.

फोन निरुपयोगी होता. म्हणून खानझोड्यांनी संगणक घेतला, ब्रॉडबँड घेतले, कॅमेरा घेतला. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता भाचा प्रशांत वसंतरावांना अमरावतीच्या एका सायबर कॅफेत नेऊन कॅमेऱ्यासमोर बसवू लागला. हिवाळाभर ते चांगले चालले. दोघे तासभर हातांनी बोलत. काकूंनी सांगितले की त्यातला निम्मा वेळ ते भांडत.

एप्रिलमध्ये चित्र अडकू लागले. जयपूरला वसंतराव व्यवस्थित दिसत होते. अमरावतीला खानझोडे थिजत होते.

यात एक अडचण अशी होती, जी दुसऱ्या कुणाला आली नसती. लहानपणापासून या दोन भावांत अबोल्याची खूण ठरलेली होती. हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि समोरच्याकडे टक लावून पाहायचे. आणि खानझोड्यांना आपले म्हणणे संपले की हात गुडघ्यांवर ठेवून उत्तराची वाट पाहायची सवय होती. चित्र नेमके तिथे अडकायचे. इकडे ते हातवारे करत असत. तिकडे वसंतरावांना मोठा भाऊ पाच पाच मिनिटे हात गुडघ्यांवर ठेवून रोखून पाहताना दिसे.

असे तीन शनिवार झाले. चौथ्या शनिवारी वसंतराव आले नाहीत. प्रशांतचा फोन आला. तो मला काकूंनी नंतर जसाच्या तसा सांगितला.

"मामा, वसंतमामा येत नाही म्हणून राहिले. मी हात धरून ओढलं तर कैची उचलली. हात गुडघ्यांवर ठेवून दाखवतात सारखे. तुम्ही अबोला धरला असं वाटते त्यांना."

"अरे, मी कुठं बोलत नाही? लाइन बोलत नाही!"

"ते त्यांना कसं समजावू? मला तर जेवण, चहा अन् गिऱ्हाईक एवढंच दाखवता येते. लाइनची खूणच नाही आपल्यात."

खरोखरच नव्हती. आईच्या वेळी लाइन नव्हती.

त्या दिवसापासून खानझोड्यांनी हा दावा अधिकृतरीत्या हाती घेतला. मी विचारले, "काका, एकदा अमरावतीला जाऊन का येत नाही?" त्यांनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, "आधी लाइन." आणि विषय बदलला.

संशयितांची यादी मी पाहिली आहे. पहिला संशयित खांबावरच्या तारेत संक्रांतीपासून अडकलेला पतंगाचा मांजा. खानझोड्यांनी दुर्बिणीतून त्याची पाहणी केली. समोरच्या गल्लीतल्या एका मुलीने तो आपला असल्याचे कबूल केले आणि पतंगही परत मागितला. दुसरा संशयित माकडे. माकडांचा जबाब घेता आला नाही, पण तारेवर लोंबकळताना कुणी पाहिले का, याची चौकशी सात घरांत झाली. शेजारचे माथुरसाहेब म्हणाले, "खानझोडेजी, बंदर तो सबके यहाँ आता है, पर एफआयआर सिर्फ आपके यहाँ होती है." खानझोडे रागावले नाहीत. त्यांनी 'सबके यहाँ' हे शब्द अधोरेखित केले. माकड सगळीकडे येते, बिघाड एकाच घरात होतो. माकड सुटले.

टेलिफोन कंपनीकडे तक्रारी गेल्या. गिरधारी तीनदा आला. तिन्ही वेळा त्याने संगणकावर वेग तपासला आणि समाधानाने मान हलवली.

"अंकलजी, लाइन तो मक्खन है. देखो, फोटो कैसे फटाफट आ रहे हैं."

"येणारं नाही रे बावा, जाणारं! आनेवाला नहीं, जानेवाला!"

खानझोड्यांचा मुद्दा बरोबर होता. या जोडणीत घरात येणारी वाट रुंद आणि घरातून जाणारी वाट अरुंद असते. बहुतेक लोक फक्त येणारे पाहतात, म्हणून तेच तपासले जाते. थोडा जरी विजेचा गोंगाट तारेत शिरला तर आधी जाणारी वाट कोलमडते. गिरधारीने मग जाणारा वेगही तपासला. तोही ठीक निघाला. मोडेमचा हिरवा दिवा स्थिर होता. गिरधारी गेला की संध्याकाळपर्यंत तो लुकलुकायला लागे. खानझोडे म्हणत, "साहेब पाहणीला आला की ट्रकचे ब्रेकपण लागतात जी. मी काय कमी पाहिले?"

त्यांनी मोडेम बदलून घेतला. टेलिफोनची आतल्या खोलीत गेलेली जादा जोडणी काढून टाकली. खिडकीशेजारी भिंतीला नवे भोक पाडून तार आतून आणली. पहिले भोक दोन इंच चुकले, म्हणून त्यावर अमरावतीच्या देवीचे कॅलेंडर लावले. दिवा लुकलुकतच राहिला. प्रशांतचा निरोप आला की वसंतराव आता शनिवारी दुपारीच दुकानाचे शटर आतून ओढून घेतात. त्या आठवड्यात खानझोडे जेवताना दोनदा ताटावरून उठले, असे काकू म्हणाल्या. हे मी पाहिलेले नाही.

मेच्या शेवटी गिरधारी चौथ्यांदा आला. लूचे गरम वारे सुरू झाले होते. तो सांगानेरहून सायकलवर आला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. खानझोड्यांनी त्याला खुर्ची दिली, कागदाखाली कार्बन घातला आणि नेहमीप्रमाणे खिडकीतला कूलर बंद केला. त्यांचा कूलर जुना, लोखंडी, नागपूरहून ट्रकमध्ये घालून आणलेला. चालू असला की खोलीत ओरडून बोलावे लागे. जबाबात शब्द चुकायला नकोत म्हणून पाहुणा आला की ते आधी तो बंद करत. सभ्यतेचा भागही त्यात होता.

काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. गिरधारीकडे पाहून त्यांनी कूलरचे बटण दाबले.

"अगं, मी जबाब घेऊन राहिलो ना!"

"घ्या की. लेकराचा जीव चालला आहे उन्हानं. मेला तर सही कोण करील?"

कूलर सुरू झाला. गिरधारीने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तसाच थांबला. त्याची नजर मोडेमवर होती. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आंटीजी, बंद करो तो."

बंद केला. दिवा काही क्षणांनी स्थिर झाला.

"चालू करो."

दिवा लुकलुकला. हा प्रयोग पाच वेळा झाला. मी दारात उभा होतो.

गिरधारीने कूलरच्या मागे हात घातला आणि तार ओढून बाहेर काढली. टेलिफोनची तार आणि कूलरची विजेची वायर खिडकीपासून टेबलापर्यंत एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. दर सहा इंचांवर त्या फायलींच्या हिरव्या नाडीने बांधल्या होत्या. गाठी एकसारख्या, कार्यालयीन. पंधरा फूट. कूलरची झिजलेली मोटर जो गोंगाट करत होती तो शेजारच्या तारेत उतरत होता आणि जाणारे चित्र बुडवत होता. हिवाळ्यात कूलर बंद असल्याने काही झाले नाही. गिरधारीच्या तिन्ही भेटींत तो पाहुणचार म्हणून बंद केला होता.

"यो किसने बाँध्या?" गिरधारीने विचारले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. खानझोड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नाडीची एक गाठ बोटाने चाचपून पाहिली.

"गाठ चांगली आहे," ते म्हणाले.

गिरधारीने तार सोडवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेगळ्या वाटेने आणली. काम चाळीस मिनिटांचे होते. कूलर पूर्ण वेगात असताना दिवा स्थिर राहिला. काकूंनी गिरधारीला थालीपीठ वाढले. त्याने ते मिस्सी रोटी समजून खाल्ले आणि आणखी एक मागितले. खानझोडे आत जाऊन अहवाल लिहीत बसले. निष्कर्ष दोन ओळींचा होता : विमेदाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. दावा नामंजूर. त्याची प्रत त्यांनी कंपनीला पाठवली, सोबत गिरधारीच्या कामाबद्दल शिफारस जोडली. काही दिवसांनी कंपनीतून एका मुलीचा फोन आला, ग्राहक समाधानी आहे का हे विचारायला. खानझोड्यांनी तिला सांगितले की ग्राहक समाधानी आहे, पण दोषीही तोच आहे, तेव्हा दोन्ही नोंदी कराव्यात. तिने फोन तिच्या वरिष्ठांकडे दिला.

लाइन सुधारली, पण दुसऱ्या टोकाला कुणी नव्हते. हे वसंतरावांना कळवायचे कसे, हा प्रश्न तसाच होता.

खानझोड्यांनी त्यावर जो मार्ग काढला तो त्यांच्या धंद्यातला होता. पाहणी अधिकारी अपघाताचा नकाशा काढतात. रस्ता, झाड, दोन्ही गाड्या, टक्कर कुठे झाली, बाण. त्यांनी तसा नकाशा काढला. मोठ्या कागदावर डाव्या बाजूला खिडकी, तिच्यात कूलर, कूलरमधून निघणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा. मधे तार. तारेवर फुली. खुर्चीवर एक चष्मेवाला माणूस, त्याला सहा हात, सगळे हलणारे. तारेच्या पलीकडे तोच माणूस, दोन हात, गुडघ्यांवर. खाली वेगळ्या चौकटीत चष्मेवाला माणूस स्वतःचे कान धरून उभा. एकही अक्षर नव्हते. कागदाची गुंडाळी करून त्यांनी ती स्पीडपोस्टने पाठवली आणि पावती खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी पावणेपाचला त्यांनी मला खाली बोलावले.

"या जी बातमीदार. साक्षीदार पाहिजे."

"काका, वसंतराव येणार आहेत का?"

"पोचपावती आली आहे. सही प्रशांतची आहे. पुढचं माहीत नाही."

खानझोडे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकू दाराजवळ. कूलर चालू होता. पाच वाजले. पडद्यावर सायबर कॅफेची रिकामी खुर्ची आणि तिच्या मागे शीतपेयाची जाहिरात दिसत होती. पाच वाजून दहा मिनिटांनी प्रशांतचा चेहरा येऊन गेला. त्याने खांदे उडवले. खानझोडे खुर्चीकडे पाहत राहिले.

पाच वाजून अठरा मिनिटांनी वसंतराव येऊन बसले. गळ्यात टेप तसाच होता. त्यांनी गुंडाळी उलगडून नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला. चष्मेवाल्या माणसाचे नाक त्यांनी शिंप्याच्या खडूने मोठे केले होते. त्याकडे बोट दाखवून मग त्यांनी पडद्यातल्या भावाकडे बोट दाखवले. आता बरोबर.

खानझोडे मोठ्याने हसले. इतके मोठ्याने की कूलरच्या वर ऐकू आले. दोघांचे हात सुरू झाले. मला खुणा कळत नव्हत्या, पण वेग कळत होता. चित्र अडकत नव्हते. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा वसंतराव काहीतरी विचारत होते. त्यांनी भावाकडे बोट केले, दोन बोटे चालवून दाखवली, हात नकारार्थी हलवला. मग बोट कपाळावर टेकवले.

खानझोड्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

पडद्यावर वसंतराव थांबले होते. इकडे खानझोडे थांबले होते. दहा-पंधरा सेकंद गेले असतील.

"अहो, पुन्हा अडकलं का?" काकूंनी दबक्या आवाजात मला विचारले.

मी मोडेमकडे पाहिले. दिवा हिरवा होता, स्थिर.

"नाही काकू. लाइन चालू आहे."

खानझोड्यांनी हे ऐकले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी हात उचलले आणि हळूहळू काहीतरी सांगितले. मधेच दोनदा कपाळाला बोट लावले. वसंतरावांनी डोळे न हलवता सगळे पाहून घेतले. मग त्यांनी उजवा पंजा स्वतःच्या छातीवर आपटला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

बोलणे सव्वासहापर्यंत चालले. नंतर जिन्याशी मी खानझोड्यांना विचारले की वसंतरावांनी काय विचारले.

"आई गेल्यापासून घरी का येत नाही, असं विचारलं."

"मग तुम्ही?"

"खरं ते सांगितलं. दारात शिरलो की आधी माजघराकडे पाहायचो मी, ती तिथं बसायची. आता तिकडे पाहवत नाही. म्हणून सहा वर्षं काही ना काही काम काढलं."

ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"तर वसंत म्हणते, मी आहे ना तिथं."

सोमवारी त्यांनी दोन तिकिटे काढली. गुरुवारी ते आणि काकू निघाले. घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि मोडेमचे बटण स्वतः बंद केले.

शुक्रवारी रात्री साडेनऊला प्रशांतचा फोन आला. त्याने सांगितले की गाडी बडनेऱ्याला वेळेवर पोहोचली. दोघे मामा संध्याकाळपासून ओट्यावर हातांनी बोलत बसले आहेत, ताटे वाढून झाली आहेत, आणि कुणीच उठून राहिले नाही.